प्रांताधिकाऱ्यांनी सात मजली पुण्य कसं लांबवावं

अभिनंदन! इसवी सन 741 आहे, जपानच्या दरबाराने तुम्हाला एका दूरच्या प्रांताचं कोकुशी, म्हणजे प्रांताधिकारी, नेमलंय, आणि तुमचं सामान उतरतंय तोवर सम्राट शोमूंचं फर्मानही येऊन पोचलंय. प्रत्येक प्रांतात दोन सरकारी बौद्ध मंदिरं बांधायची. भिक्षूंच्या कोकुबुनजीत 20 भिक्षू, भिक्षुणींच्या कोकुबुन-निजीत 10 भिक्षुणी. शिवाय सात मजली पॅगोडा, आणि सुवर्णप्रभास व सद्धर्मपुंडरीक या सूत्रांच्या प्रती. पॅगोडात ठेवायला सोन्याच्या अक्षरांची एक प्रत सम्राट स्वतःकडून देणार आहेत. बाकी सगळं तुम्ही बघायचं.

कारण विचारू नका, ते सर्वांना ठाऊक आहे. 735 ते 737 देवीच्या साथीने देश झोडपला. 737 या एका वर्षात फुजिवारा घराण्यातले चौघे कर्ते भाऊ गेले. 740 मध्ये त्याच घराण्यातल्या हिरोत्सुगुने क्युशू बेटावर बंड केलं. पीकपाण्याचंही खरं नव्हतं. त्यावर दरबाराला सापडलेला उपाय सात मजल्यांचा आहे. शाक्यमुनींची मूर्ती घडवा असं 737 मध्ये आणि सात मजली पॅगोडा उभारा असं 740 मध्ये आधीच कळवलं होतं. ते कागद तुमच्या आधीच्या साहेबांनी कुठल्या पेटीत ठेवले ते शोधा. त्याच पेटीत अजून जागा असेल.

पहिलं काम जागेची निवड, आणि इथे तुमचं नशीब फळफळलंय. फर्मान म्हणतं, मंदिर वस्तीच्या इतकं जवळ नको की दुर्गंध पोचेल, आणि इतकं लांबही नको की जमायला येणाऱ्यांना त्रास होईल. या एका वाक्यावर निदान दोन वर्षं निघतात. वाऱ्याची दिशा पावसाळ्यात वेगळी, हिवाळ्यात वेगळी. दोन्ही पाहायला नकोत? तुमची मुदत चार वर्षांची आहे. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ म्हणणाऱ्यांनी असा हिशोब कधी पाहिलेलाच नाही. ही युक्ती एकट्या तुम्हाला सुचलेली नाही, हेही सांगून ठेवतो. सहा वर्षांनी दरबारच कुरकुरणार आहे की काही प्रांतांनी जागाच चुकीची निवडली आणि काहींनी अजून पायासुद्धा घातला नाही.

पायाचं निघालंच आहे तर तो नीट समजून घ्या, कारण उशिराची सगळी सबब तिथेच पुरलेली असते. नुसता खड्डा भरून चालत नाही. चिकणमाती आणि वाळूसारखी वेगवेगळी माती काही सेंटिमीटरच्या थरांनी टाकायची, प्रत्येक थर लाकडी धुमशाने ठोकून घट्ट करायचा आणि मगच पुढचा थर. वर मोठाले दगड, त्यांवर खांब. पॅगोडाच्या मधोमध मुख्य खांबासाठी सगळ्यात मोठा दगड. घाईघाईत जाड थर ठोकले तर माती खाली बसते, दगड कलतो, आणि साठेक मीटर उंचीचं लाकूडकाम त्या कलाचा हिशोब चुकता करतं. म्हणून निरीक्षक आले की पायाच दाखवा. जमिनीखालचं काम किती झालं हे वरून कुणाला कळत नाही.

पैशांची काळजी करू नका, तेवढी अक्कल दरबाराला आहे. सुरुवातीला भिक्षूंच्या मंदिराला 50 घरांचा महसूल आणि 10 चो, म्हणजे साधारण 12 हेक्टर भातजमीन. भिक्षुणींना नुसती 10 चो. प्रार्थना दोघांचीही राष्ट्रासाठीच, पण घरं फक्त भिक्षूंना. 744 मध्ये सोय वाढते: प्रांताच्या सरकारी भातातून दोन्ही मंदिरांच्या नावे 20,000-20,000 पेंढ्या बाजूला काढायच्या, शेतकऱ्यांना वसंतात कर्जाऊ द्यायच्या आणि सुगीला 50 टक्के व्याजाने परत घ्यायच्या. म्हणजे प्रत्येक मंदिराला वर्षाला 10,000 पेंढ्या, तेही मुद्दलाला हात न लावता. शेतकऱ्याला कर्ज हवंय का, हा प्रश्न तुमच्या टेबलावर येत नाही. देवीच्या साथीतून वाचलेल्यांनी त्या वाचण्याचं व्याज भरायचं, इतकी साधी गोष्ट आहे.

मजुरीही जवळपास फुकट. धडधाकट माणसाकडून वर्षाला 60 दिवसांपर्यंत वेठ घेता येते. ते 60 दिवस कुठे वापरायचे ते तुम्ही ठरवता, त्यामुळे घाट आणि बांध यांनी मंदिराला वाट दिली तर बिघडत नाही. पूर आला की मंदिर अपुरं राहिल्यामुळेच आला असं लिहून टाका. 747 च्या फर्मानात दरबारानेही अशुभ लक्षणांचं कारण हेच दिलंय. वरिष्ठांचाच युक्तिवाद पुढे चालवलात तर तुमच्याकडे बोट कोण दाखवणार?

त्या 747 च्या फर्मानाला मात्र जरा घाबरा. तीन निरीक्षक निघालेत आणि काम तुमच्या हातून काढून गुंजींच्या, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक मुख्यांच्या गळ्यात पडतंय. तीन वर्षांत पॅगोडा, मुख्य सभागृह आणि भिक्षूंची राहण्याची जागा पूर्ण केली तर त्यांच्या वंशजांना तेच पद कायम. भिक्षूंना आणखी 90 चो आणि भिक्षुणींना 40 चो जमीनही जोडली जातेय. तुम्ही चार वर्षांनी निघून जाणार. गुंजींचे वाडवडील तिथले आणि नातवंडंही तिथलीच. आमिष कुणाला दाखवायचं हे दरबाराला अखेर कळलं. 749 मध्ये तर प्रांतातल्या मंदिराला भरघोस दान देणाऱ्यांना थेट पाचव्या श्रेणीचा दर्जा मिळू लागला. पुण्य परलोकात मिळेल तेव्हा मिळेल, श्रेणीची पट्टी इथेच बांधता येते.

कौलांचं काम गुंजींवर सोपवाच. नळीची आणि सपाट, दोन्ही कौलं हजारोंनी लागतात. साच्याला माती चिकटू नये म्हणून कापड घालतात, त्याची वीण कौलाच्या पोटाला उमटते. मुसाशी प्रांतात कौलांवर जिल्ह्यांची नावंही कोरलेली किंवा ठशाने उमटवलेली आहेत: 21 जिल्ह्यांपैकी 20 ची. एकविसावा कामचुकार नव्हता. तो 758 मध्ये स्थापन झाला, तोवर कौलं भाजून झाली होती. कुणी दिलं आणि कुणी नाही, याचा हिशोब छतावर ठेवण्याची ही पद्धत अवश्य उचला.

आराखडा हवा असेल तर धीर धरा. दोन्ही मंदिरांचे नकाशे सर्व प्रांतांना 759 मध्ये वाटले गेले, म्हणजे मूळ फर्मानानंतर 18 वर्षांनी. तोवर ज्यांनी बांधून टाकलं, त्यांनी नकाशा जपून ठेवावा, दुरुस्तीला उपयोगी पडेल. आणि दुरुस्ती लवकरच लागते: 766 मध्ये काही मंदिरं अर्धवट असतानाच बांधून झालेली ढासळू लागल्याची तक्रार आहे.

इकी बेटाने सगळ्यांत शहाणपणाचा रस्ता काढला. तिथल्या घराण्याचं आधीचं मंदिर होतं, त्यालाच सरकारी म्हटलं. छोट्या प्रांताने एवढा धडा घेतला तरी पुष्कळ.

उरली ती आग. साठ मीटरच्या लाकडावर धातूचा कळस म्हणजे विजेला धाडलेलं आमंत्रणच. आग लागली की ‘देवाची आग’ म्हणून कळवा. हा शब्द सरकारी धान्यकोठारांबाबतही चालतो. शिल्लक आणि वही जुळत नसली की कोठारांना अशा आगी लागतात. याच्यामागे माणसं असावीत असा संशय पुढे दरबारालाही येऊ लागला, म्हणून जरा जपून.

मुसाशीचा पॅगोडा 835 मध्ये अशाच आगीत गेला. तुम्ही काही करू नका. 10 वर्षं थांबलात तर 845 मध्ये मिबु घराण्यातला एक माजी गुंजी, स्वतः पुन्हा बांधून देतो असा अर्ज घेऊन हजर होतो. अर्जावर तुमचा शेरा मारा, राजधानीला पाठवा आणि परवानगी आली की त्याला कळवा.