आसनांची मांडणी उभ्या प्रवाशाला विचारून ठरावी

९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यान, वळणावर एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या दोन भरगच्च लोकलच्या दारांतले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील किमान चौघांचा जीव गेला. तेव्हापासून मुंबईच्या उपनगरी रेल्वेविषयीची चर्चा मुख्यतः दरवाज्यांभोवती फिरते आहे. यापुढे येणाऱ्या सर्व नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे असतील, सध्याच्या गाड्यांनाही ते बसवले जातील, आणि बिगरवातानुकूलित डब्यांत हवा खेळती राहावी म्हणून दारांना झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रे आणि दोन डब्यांना जोडणारा मार्ग अशी व्यवस्था केली जाईल, असे रेल्वे मंत्रालयाने लगोलग जाहीर केले. त्यावर गुदमरायला होईल, दारे बंद होईपर्यंत गाडी हलणार नाही, वेळापत्रक कोलमडेल, असे आक्षेप आले आणि त्यांना उत्तरेही आली. न्यूयॉर्कमध्ये बसून हे सारे वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत राहिली: डब्याच्या आतल्या रचनेविषयी, म्हणजे बाक, खांब, कड्या आणि मोकळी जागा यांविषयी, या वादात जवळजवळ कोणीच बोलत नव्हते.

दारे बंद झालीच पाहिजेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु दार बंद करायचे म्हणजे जो माणूस आजवर फूटबोर्डावर अर्धा बाहेर होता, त्याला आत घ्यायचे. आणि आत आल्यावर तो कुठे उभा राहणार, कशाला धरणार, आणि दोन स्थानकांनंतर त्याला उतरायचे झाले तर दारापर्यंत कसा पोहोचणार, हे प्रश्न दाराच्या मोटारीने सुटत नाहीत. ते आसनांच्या मांडणीचे प्रश्न आहेत. मुंबईसाठी २३८ नव्या वातानुकूलित गाड्या घेण्याची प्रक्रिया चालू असताना ते विचारले गेले नाहीत, तर पुढची कित्येक दशके विचारून उपयोग होणार नाही, कारण डबा एकदा कारखान्यातून बाहेर पडला की त्यातील बाक बहुधा डब्याबरोबरच म्हातारे होतात.

न्यूयॉर्कची सबवे १९०४ साली सुरू झाली, आणि तिच्या डब्यांत आसने कशी असावीत याचे प्रयोग अजून संपलेले नाहीत. एके काळी येथे वेताने विणलेली आसने होती. पुढे टणक, साच्यातून काढलेली आसने आली. सत्तरच्या दशकात दाखल झालेल्या लांब डब्यांमध्ये नारिंगी-पिवळी आसने काही भिंतीला समांतर, तर काही काटकोनात, अशी मांडलेली होती. बसणाऱ्याला ती अर्थातच आवडतात, कारण खिडकी मिळते आणि गाडीने ब्रेक लावला तर माणूस शेजाऱ्यावर घसरत नाही. मात्र गर्दीच्या वेळी त्यांतील खिडकीकडची जागा पुष्कळदा रिकामी राहते, कारण तिथपर्यंत जायचे तर बाहेरच्या आसनावरच्या माणसाच्या गुडघ्यांवरून जावे लागते आणि उतरताना पुन्हा तेच करावे लागते. रिकाम्या जागेसमोर दहा माणसे ताटकळत उभी आहेत, हे दृश्य मुंबईकराला अविश्वसनीय वाटेल, पण ते येथे नित्याचे आहे. नंतरच्या बहुतेक डब्यांमध्ये म्हणूनच भिंतीला लागून दोन्ही बाजूंना लांब बाक आणि मध्ये मोकळी वाट, अशी रचना आली.

लांब बाकाचेही दुखणे आहेच. मधल्या काळातील काही डब्यांत प्रत्येकाच्या वाट्याला एकेक खोलगट आसन होते. त्यामुळे कोणाची हद्द कुठे संपते ते स्पष्ट होत असे, पण माणसे एका मापाची नसतात, आणि हिवाळ्यातील जाड कोटासह तर नसतातच. त्यामुळे सहा आसनांवर पाचच जण बसत आणि दोन खळग्यांच्या मधल्या उंचवट्यावर कोणीतरी अवघडून टेकत असे. सपाट बाक आले तेव्हा हा प्रश्न सुटला आणि पाय फाकवून दीड जागा अडवणाऱ्या पुरुषांचा प्रश्न उभा राहिला, इतका की २०१४ च्या डिसेंबरात येथील परिवहन प्राधिकरणाला त्याविरुद्ध डब्यांतून फलक लावण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. फलकांनी पाय जवळ येतात असे मला तरी दिसलेले नाही. टोकियोच्या गाड्यांतील उपाय अधिक शहाणा वाटतो. तेथे सात जणांच्या बाकावर दोन उभे खांब असे बसवतात की त्याचे दोन, तीन आणि दोन असे भाग पडतात. तिघांच्या भागात दोघांनी ऐसपैस बसण्याला आपोआप आळा बसतो, उठताना वृद्धांना आधार मिळतो, आणि समोर उभ्या असलेल्या माणसालाही धरायला काहीतरी मिळते.

आपल्याकडे हेच काम आजवर रूढीने केले आहे. द्वितीय श्रेणीच्या डब्यात तिघांसाठी असलेल्या बाकावर ‘चौथी सीट’ असते, आणि तिच्यावर बसलेल्या व्यक्तीचा एक पाय वाटेत, एक बाकाखाली आणि सगळा तोल तिसऱ्या प्रवाशाच्या सौजन्यावर असतो. महिलांच्या डब्यात ‘कुठे उतरणार?’ या दोन शब्दांत आसनाचे आरक्षण होते. ठाण्याला उठणाऱ्या बाईची जागा घाटकोपरलाच कोणाच्या तरी नावावर लागलेली असते, आणि तो शब्द सहसा मोडला जात नाही. डोंबिवलीहून मुंबईला जाण्यासाठी आधी उलट दिशेने कल्याण गाठणारे आणि तीच गाडी परत फिरेपर्यंत जागा धरून बसणारे प्रवासी तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. या साऱ्याचे कौतुक करण्याची एक पद्धत आहे, आणि परदेशात राहणाऱ्यांना ती फार प्रिय असते. मला त्यात माणसांचे शहाणपण जितके दिसते तितकाच डब्याचा आराखडा करणाऱ्यांचा आळसही दिसतो, कारण त्यांनी सोडून दिलेले काम प्रवाशांनी आपापसांत भागवून घेतले आहे.

सध्या सुचवला जाणारा सोपा उपाय म्हणजे लोकलमध्येही मेट्रोसारखे भिंतीला लागून बाक बसवावेत, आसने कमी करावीत आणि उभे राहण्याची जागा वाढवावी. न्यूयॉर्कने हा मार्ग काही ठिकाणी चोखाळला आहे. २०१७ साली ई मार्गावरील काही गाड्यांतून डब्यांच्या टोकांची आसने काढून टाकण्यात आली, जेणेकरून प्रत्येक डब्यात आणखी आठ-दहा माणसे मावावीत. ही गाडी क्वीन्समध्ये विमानतळावर नेणाऱ्या गाडीला जाऊन मिळते, त्यामुळे त्या मोकळ्या कोपऱ्यांत अनेकदा माणसांऐवजी चाकांच्या बॅगा उभ्या असतात, आणि माणसे पूर्वीप्रमाणेच दारापाशी गर्दी करतात. याचे कारण मला असे वाटते की माणूस मोकळ्या जागेकडे जात नाही. जिथून बाहेर पडता येईल आणि जिथे हात टेकेल, तिथे तो थांबतो. २०२३ च्या मार्चमध्ये सेवेत आलेल्या नव्या डब्यांत म्हणूनच दारांकडे अधिक लक्ष दिलेले आहे. आधीच्या डब्यांचे दार ५० इंच रुंद होते, ते आता ५८ इंचांचे झाले आहे, म्हणजे चढणारा आणि उतरणारा एकाच वेळी दारातून जाऊ शकतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून काही गाड्यांत डब्यांमधल्या भिंतीही काढून टाकल्या आहेत, त्यामुळे एका डब्यातील दाटी शेजारच्या डब्यात ओसरू शकते.

तरीही न्यूयॉर्कचा आराखडा उचलून कुर्ल्याच्या कारशेडमध्ये आणून ठेवता येणार नाही, आणि येथे हिशेब मांडणे भाग आहे. न्यूयॉर्कच्या नियोजनात गर्दीच्या वेळी उभ्या प्रवाशामागे तीन चौरस फूट जागा गृहीत धरतात, म्हणजे चौरस मीटरला साडेतीन-पावणेचार माणसे. मुंबईच्या लोकलसाठी चौरस मीटरला १४ ते १६ उभी माणसे हा आकडा रेल्वेच्याच परिभाषेत रूढ आहे. ज्या डब्यात इतकी दाटी होते, तिथे दोन बाक काढल्याने कोणालाही अधिक जागा मिळत नाही. रिकामी झालेली जागा पुढच्याच स्थानकावर त्याच घनतेने भरते आणि बसायला मिळणारी माणसे तेवढी कमी होतात. शिवाय अंतराचा प्रश्न आहे. मॅनहॅटनमध्ये वीस मिनिटे उभे राहणे ही गैरसोय आहे, पण चर्चगेट ते विरार हे ६० किलोमीटरचे अंतर, किंवा मुंबईहून कल्याणच्याही पुढे कसारा-कर्जतपर्यंतचा प्रवास, रोज दोन्ही वेळा उभ्याने करणे हा प्रकृतीचा प्रश्न आहे. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोत जे खपून जाते, ते कसारा लोकलमध्ये खपणार नाही. एकाच शहरातल्या या दोन प्रवासांसाठी एकच आराखडा योग्य ठरेल, असे मानायला मला काहीही आधार दिसत नाही.

दुसरी अडचण रुंदीची आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. मुंबईच्या लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद असतो, तर न्यूयॉर्कचा रुंदातला रुंद डबा ३.०५ मीटरचा. भिंतीला लागून बाक लावले की न्यूयॉर्कमध्ये मधल्या वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचा हात कोणत्या ना कोणत्या खांबापर्यंत पोहोचतो. आपल्या डब्यात तसेच बाक लावले तर मध्ये एक रुंद मैदान तयार होईल, आणि त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या, उंचीने बेताच्या बाईला वरच्या कडीखेरीज आधार उरणार नाही. ती कडीही आज अनेकींना टाचा उंचावूनच धरावी लागते. सध्याच्या आडव्या बाकांच्या पाठी हाच आधार पुरवतात. त्या बसणाऱ्यासाठी केलेल्या असल्या तरी उभ्यांना सावरतात, आणि बाकांच्या मधल्या फटीत उभ्या असलेल्या माणसाला गर्दीचा पूर्ण रेटाही लागत नाही. ते बाक काढायचे असतील तर त्यांच्या बदल्यात काय देणार, हे आधी सांगितले पाहिजे.

स्त्रियांच्या दृष्टीने पाहिले तर हिशेब आणखी बदलतो. मुंबईत ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिला विशेष गाडी सुरू झाली, आणि राखीव डबे तर त्याआधीपासून आहेत. न्यूयॉर्कमध्ये राखीव डबा नाही. सर्व डब्यांत कॅमेरे आहेत आणि आडव्या आसनांच्या मानाने भिंतीलगतच्या बाकांवर सर्वांना सर्व दिसते. रात्री उशिरा, डब्यात मोजकी माणसे असताना, मला लांब बाकांचा डबा निःसंशय बरा वाटतो: खिडकीकडे अडकून पडण्याची भीती नसते, उठून दुसरीकडे जाता येते, आणि कोण चढले ते लगेच कळते. मात्र सकाळच्या गर्दीत नकोशा स्पर्शांपासून वाचण्याचे काम ना कॅमेरा करतो ना बाक. त्या वेळी महिलांच्या डब्याची मला येथे फार उणीव भासते. नव्या, आतून सलग असलेल्या गाड्यांत महिलांचे राखीव डबे कसे वेगळे ठेवणार, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही, आणि त्याचे उत्तर ‘पाहू पुढे’ असे असता कामा नये.

टोकियोचेच आणखी एक उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. तेथील यामानोते मार्गावर नव्वदच्या दशकाच्या आरंभी प्रत्येक बाजूला सहा दारे असलेले डबे आणले गेले, आणि सकाळी दहापर्यंत त्यांतील आसने दुमडून बंद ठेवली जात. सगळ्यांनी उभ्यानेच जायचे. २०११ पर्यंत ते डबे त्या मार्गावरून गेले. फलाटांवर सुरक्षिततेसाठी बसवायच्या दारांशी सहा दारांचा मेळ बसत नव्हता, आणि दरम्यान गर्दीही ओसरली होती. आसने दुमडण्याची युक्ती ही अधिक गाड्या येईपर्यंतची तात्पुरती सोय होती. आपल्याकडे गाड्यांची संख्या वाढवण्याचे मुख्य काम मागे राहून हीच सोय कायमची होण्याचा धोका आहे.

मला विचाराल तर लोकलच्या डब्याचे दोन वेगळे भाग मानावेत. दारांच्या मधला पट्टा पूर्ण मोकळा असावा, पण त्यातील खांब दाराच्या तोंडाशी नसून दोन पावले आत असावेत, म्हणजे धरणारा माणूस वाट अडवणार नाही. कड्या दोन उंचींवर असाव्यात. आणि दाराशेजारच्या आडोशाला टेकून उभे राहता येईल अशी तिरकी फळी असावी. (फलाटांवर बाकांऐवजी अशा फळ्या बसवल्या म्हणून न्यूयॉर्कमध्ये पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्त होती, कारण फळीवर गरोदर बाई बसू शकत नाही. पण डब्यात ती बाकाच्या जोडीला असेल तर गोष्ट वेगळी.) डब्याच्या टोकांकडे मात्र आडवे बाक राहू द्यावेत, लांब जाणाऱ्यांसाठी. दादर जवळ आले की ‘दादर का?’ असे विचारत दोन स्थानके आधीपासून जी रांग दाराकडे सरकू लागते, तिच्यासाठी आत वाट ठेवली गेली, तर लांबच्या प्रवाशाला दारात उभे राहण्याचे एक मोठे कारण नाहीसे होईल, कारण आज तो दारात उभा राहतो तो केवळ हवेसाठी नाही, उतरायला मिळेल की नाही या धास्तीनेही राहतो.

यांतील किती गोष्टी टिकतील, हे कागदावर ठरवता येणार नाही. न्यूयॉर्कच्या नव्या डब्यांचा पूर्ण आकाराचा नमुना २०१७ साली मॅनहॅटनमधील एका स्थानकात काही दिवस ठेवला होता; लोकांनी त्यात शिरून, बसून, कड्या धरून पाहिल्या आणि आपली मते नोंदवली, आणि त्यानंतर डबे बनले. असा नमुना ठाणे, कल्याण, अंधेरी आणि विरार येथे ठेवणे रेल्वेला अवघड नाही. फक्त तो सकाळी अकरा वाजता मान्यवरांना दाखवून उपयोग नाही. तो संध्याकाळी सात वाजता, पाठीवर पिशवी आणि हातात भाजी घेऊन उतरलेल्या बाईला दाखवावा, आणि तिला बाक मऊ आहे का हे विचारण्याआधी, उभी राहिल्यावर हात कुठे पोहोचतो ते विचारावे.