अर्ध्या डोक्याची शिकवणी

डोकं फुटत असताना माणसाने माद्रिदमध्ये औषध आणायला जाऊ नये. तिथल्या फार्मासियाच्या दारावर हिरवा क्रॉस उघडझाप करत असतो. उजेड सोसवत नाही म्हणून गोळी घ्यायला यायचं, तर दारातच ही रोषणाई! ज्याला ही सुचली त्याला एकदा उलट्यांसकट मायग्रेन होवो.

रांगेत माझ्यापुढे एक आजोबा, लॅटिनचे निवृत्त मास्तर. माझ्या तोंडून ‘मिग्रान्या’, म्हणजे स्पॅनिशमधलं मायग्रेन, निघायचा अवकाश, शिकवणी सुरू. ग्रीक ‘हेमी’ म्हणजे अर्धं, ‘क्रानिओन’ म्हणजे कवटी. लॅटिनने ते उचलून ‘हेमिक्रानिया’ केलं. पुढे ‘हे’ गळालं, ‘क्र’चा ‘ग्र’ झाला, जसा ‘लाक्रिमा’चा ‘लाग्रिमा’. आणि ‘निया’चं ‘न्या’, जसं ‘हिस्पानिया’चं ‘एस्पान्या’. दर अक्षराला आजोबा काउंटरवर बोट आपटत होते. टक. टक. नखासकट.

“लोक ‘हाकेका’ही म्हणतात,” आजोबा म्हणाले, “पण तो अरबी!” ‘शकीका’वरून आलेला. म्हणजे तिथेही अर्धंच. आपली अर्धशिशीसुद्धा अर्धीच की. शिवाय ‘क्रानिओन’ आणि आपलं ‘शिरस्’ एकाच कुळातले, ‘हेमी’चा सख्खा भाऊ संस्कृतातला ‘सामि’. हे मी गिळलं. बोललो असतो तर दुकानाचं शटर आमच्यावरच पडलं असतं. स्पॅनिशमध्ये ‘हाकेका देणं’ म्हणजे एखाद्याचं डोकं उठवणं. तो अर्थ मात्र आजोबांनी सांगितला नाही, करून दाखवला.

गंमत बाजूला ठेवू. मायग्रेनची गोळी दुखायला लागताक्षणी घ्यायची असते. झटका चढला की जठर मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते आणि रक्तात उशिरा उतरते. उपचार न केलेला झटका 4 ते 72 तास चालतो. त्यातला किती वेळ व्याकरणाला द्यायचा?

शेवटी काउंटरवरची बाई म्हणाली, “रेसेता?” डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सुमाट्रिप्टान, म्हणजे मायग्रेनची खास गोळी, नाही, 600 चं आयबुप्रोफेनही नाही. हातावर पडलं 650 चं पॅरासिटामॉल.

आजोबांनी पाकीट न्याहाळलं. “बटाट्याच्या चकत्या कपाळावर ठेवून रुमाल बांधा. आमची आई बांधायची. दुखतंय कुठल्या बाजूला?”

“दोन्ही.”

“मग ही मिग्रान्या नव्हेच,” आजोबा म्हणाले, आणि बाईकडे वळून, “यांना दुसरं काहीतरी द्या.”