पीयूसीमुक्त सातारा

माझी स्कूटर १९९८ची आहे आणि ती धूर सोडते, हे आधीच कबूल केलेलं बरं. पण ती जागा बघून सोडते. पोवई नाक्यावर ती अगदी सभ्य असते, राजपथावर थोडी खाकरते आणि राजवाडा ओलांडून समर्थ मंदिराचा चढ लागला की मागे वळून बघायची सोय उरत नाही. एकदा मागून येणारा रिक्षावाला मुद्दाम पुढे येऊन म्हणाला होता, "काका, डासांची फवारणी पालिकेनं तुमच्याकडं दिलीया का?"

गेल्या श्रावणात मी तिची पीयूसी, म्हणजे धूर मर्यादेत असल्याचं सर्टिफिकेट, काढायला गेलो. पेट्रोल पंपाच्या कडेला एक जुनी व्हॅन, आत कॉम्प्युटर, प्रिंटर, टेबलफॅन आणि एक पोरगा. पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "चालू ठेवा." चालू ठेवायला ती आधी चालू व्हावी लागते. त्यासाठी पेट्रोलची चावी उघडायची, चोक ओढायचा, स्कूटर अंगावर घेऊन आडवी करायची, मनात पाच आकडे मोजायचे, उभी करायची आणि मग किक. सातव्या किकला ती उठली. पोरानं सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि स्क्रीनवरचा आकडा चढायला लागला. २००० सालच्या मार्चअखेरपर्यंतच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत माफ असतो. आमचा आकडा ५.९वर जाऊन टेकला.

"काका, फेल."

मॅट्रिकला बीजगणितात गेलो होतो, त्यानंतर हा शब्द मी थेट चौसष्टाव्या वर्षी ऐकला. तोही पेट्रोल पंपावर, चारचौघांत.

तिथून मेस्त्रीकडे. मेस्त्रीनं ग्लास पुढं करून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायलेन्सर जाळतो, एअर स्क्रू पाव आटा फिरवतो. पास हुतीय. पन पीयूसी झाली की परत आना, मागं घिऊन देतो. न्हाईतर चढाला वढायची न्हाई."

इथे माझ्या कारकुनी डोक्यात ठिणगी पडली. तपासणी कुठे होते? पंपावर, सपाटीला, गाडी जागेवर उभी असताना. आणि धूर कुठे निघतो? चढावर, मी आणि पाच किलो दळण बसलेलो असताना. म्हणजे पाहुणे मुलगा बघायला आले की तो मान खाली घालून पोहे खातो, तेवढ्यावरूनच त्याची चाल ठरवायची. सांगलीचं सोडा, तिथं सगळंच सपाट. साताऱ्यात पेठेपेठेला चढ आहे. इथं ही परीक्षा म्हणजे शुद्ध फसवणूक, असं माझं मत झालं. (पास झालो असतो तर झालं नसतं, हेही खरं.)

घरी आल्यावर शेजारच्या मास्तरांनी माहितीत भर घातली. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचा नियम मोडला तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर लायसन्सही तीन महिने बाद. योगायोगानं त्याच आठवड्यात भंगारवाल्यानं स्कूटरचे चार हजार सांगितले होते. म्हणजे एका दंडात अडीच स्कूटर येतात. शिवाय मुलाच्या नव्या गाडीची पीयूसी वर्षभर चालते आणि माझ्या स्कूटरची सहाच महिने. म्हाताऱ्यांना दवाखान्याच्या फेऱ्या जास्त, हा नियम सरकारनं गाड्यांनाही लावलाय.

मी निवेदन द्यायचं ठरवलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा ती स्कूटर द्या." पण ज्या माणसानं छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांची निवेदनं फाइलला लावली, त्याला एकदा तरी स्वतःचं निवेदन द्यावंसं वाटणारच. कागद घेतला. वर 'प्रति', खाली 'विषय : वाहनांच्या पीयूसी तपासणीबाबत', मग 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' अशी गाडी सुरू झाली. ही मात्र पहिल्या किकला.

आता सह्या. पेठेत सही कुणी नाकारत नाही, पण मोकळी सहीही कुणी देत नाही. पहिल्या घरी म्हणाले, यात कुत्र्यांचं घाला. दुसऱ्या घरी कास तलावाचं पाणी कमी दाबानं येतं ते. तिसऱ्यांना दारासमोर गतिरोधक हवा होता, चौथ्यांना तोच काढून हवा होता. मास्तरांनी सल्ला दिला, "लोकांच्या जिव्हाळ्याचे विषय वर घ्या, म्हणजे वजन पडतं." त्रेचाळीस सह्या जमेपर्यंत मागण्या अकरा झाल्या आणि 'पीयूसीची सक्ती रद्द होण्यासाठी आपण आवाज उठवावा' ही मागणी नवव्या नंबरावर, स्मशानभूमीच्या दिव्याखाली गेली.

समोरच्या वाड्यातल्या सूनबाईंनी सही केली, पेन परत दिलं आणि म्हणाल्या, "काका, एक सांगू? सकाळी साडेसातला तुम्ही गाडी आमच्या खिडकीखाली चालू करता ना, तेव्हा बाळाचे कपडे दोरीवर असतात. मी ते परत धुते. वास जात नाही."

ही मागणी मी निवेदनात घेतली नाही.

पहिली पायरी म्हणजे आमच्या भागातले एक माजी नगरसेवक. नाव सांगत नाही, मला रोज त्यांच्या दारावरून जायचं असतं. चहा आला. निवेदन न वाचताच ते म्हणाले, "काका, एवढ्यासाठी कागद कशाला? गाडीचा नंबर द्या, सर्टिफिकेट घरपोच येईल."

"आता ऑनलाइन आहे भाऊ. नंबरप्लेटचा फोटो लागतो."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग नुसती नंबरप्लेट काढून द्या. पोरं लावून घेतील कशाला तरी."

मी तत्त्वाची लढाई लढत असल्याचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. तत्त्व म्हटलं की ते वर पाठवायचं असतं. त्यांनी मला वरच्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात पाठवलं. तिथले पीए तरुण, चटपटीत आणि दुर्दैवानं वाचलेले होते. "सर, हा विषय आमच्याकडे येतच नाही. मोटार वाहन कायदा १९८८चा, नियम १९८९चे, आणि पीयूसी आली नियम ११५मध्ये. सगळं केंद्राचं." म्हणजे गटार पालिकेचं, रस्ता राज्याचा आणि धूर तेवढा दिल्लीचा! माझ्या स्कूटरमागं जो ढग उठतो, त्यावर थेट केंद्राची मालकी आहे, हे कळल्यावर मला क्षणभर त्याच्याबद्दल आदरच वाटला.

तरी मी निवेदन ठेवून आलो. पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय मी देवळातही नारळ देत नाही.

मधल्या काळात सांगलीच्या मेव्हण्याचा उत्साहानं फोन. "दाजी, पीयूसी गेली! कोर्टानंच काढली!" मी तासभर हवेत. मग मास्तरांनी खाली आणलं. दिल्लीच्या प्रदूषणाच्या जुन्या याचिकेत सुप्रीम कोर्टानं २०१७ साली सांगितलं होतं की पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण नाही. त्यानं झालं असं की लोक विमाच काढेनात. म्हणून २०२४च्या जुलैत कोर्टानं ती अट काढली. पीयूसी जागच्या जागी. मेव्हण्याला हे कळवलं, तर तो म्हणाला, "तरी पण निम्मी गेली की!" सांगलीकर हार मानत नाहीत.

तीन आठवड्यांनी कार्यालयातून फोन आला. "काका, अभिनंदन! तुमच्या निवेदनाची दखल घेतली. रविवारी सकाळी दहाला या." मी इस्त्रीचा सदरा काढला. शनिवारी संध्याकाळी दळण आणायला निघालो, तर चढाच्या तोंडाशीच मोठा फ्लेक्स. 'भव्य मोफत पीयूसी तपासणी शिबिर'. डावीकडे साहेबांचा हसरा फोटो, उजवीकडे माजी नगरसेवकांचा, आणि खाली 'संकल्पना व प्रेरणा' या शब्दांशेजारी हार घातलेला मी. माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभातला फोटो, मास्तरांनी पुरवलेला.

चूक कुणाचीच नव्हती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो, की विषयाची ओळ 'बाबत'वर संपवायची. बाजूनं की विरोधात, हे त्या ओळीत कधी कळू द्यायचं नाही. आणि विषयाखाली कुणी वाचत नाही, हेही मला माहीत होतं. मीही कधी वाचलं नव्हतं.

रविवारी प्रेरणास्थानाची गाडी पहिली. स्कूटरला हार, हेडलाइटला हळदकुंकू, पुढच्या चाकाशी नारळ. तोच पंपावरचा पोरगा, तीच व्हॅन. मी स्कूटर अंगावर आडवी घेतली तेव्हा गर्दीला वाटलं म्हातारा पडला, चौघे धावून आले. अकराव्या किकला टाळ्या. मेस्त्री आदल्या रात्रीच येऊन पाव आटा फिरवून गेला होता. नळी आत गेली. सगळी पेठ वाकून स्क्रीन बघत होती. आकडा चढला, रेंगाळला आणि ४.४वर थांबला. साहेबांनी सर्टिफिकेट माझ्या हातात देतानाचा फोटो काढला गेला. "दोन शब्द बोला," असा आग्रह झाला. मी म्हणालो, "आभारी आहे." ते दोन शब्दच होते.

मग घरी निघालो. चढ लागला आणि मेस्त्रीचा शब्द खरा ठरला. माझ्याच फ्लेक्सखाली स्कूटरनं मान टाकली. किक मारून मारून पाय भरून आला. शेवटी उतरलो, हार सावरला आणि ढकलायला लागलो. वाड्यासमोर पोचेपर्यंत सदरा ओला चिंब. दम खायला थांबलो. वर दोरीवर लंगोटांची रांग वाळत होती. सूनबाई खिडकीत आल्या.

"काका, आज अजिबात वास नाही आला!"

"ढकलत आणलीय," मी म्हणालो.

"मग रोज तशीच आणा की."