रात्री साडेआठनंतर साध्या तापाला जायचं कुठं?

सांगली-मिरजेत डॉक्टरांना काय तोटा! मिरजेत १८९४ ला वानलेस डॉक्टरांनी हॉस्पिटल उभं केलं, आजपण पार कर्नाटकातनं पेशंट येतायत, गुडघा बदला नाहीतर हार्टचं ऑपरेशन करा, पुण्याला जायची गरज नाही. पण रात्री पोराला ताप भरला तर काय करायचं ते सांगा की.

गल्लीतल्या डॉक्टरनं शटर ओढलेलं असतंय, रविवारी तर बंदच. मग मेडिकलवाला. तो तापाच्या गोळ्या देतो आणि वर न विचारता अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या पट्टीतनं कापून हातावर ठेवतो, कोर्स बिर्स कोण सांगतंय.

नाहीतर मग कॅज्युअल्टी. मागं भाच्याच्या तळपायात पत्रा घुसला, रक्त थांबलेलं, जखम धुऊन दोन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन एवढंच काम, पण एका मोठ्या हॉस्पिटलात आधी काउंटरवर डिपॉझिट भरा म्हणाले, मग बसवलं, तेवढ्यात ॲक्सिडेंटची केस आली आणि सगळे तिकडं पळाले. पळायलाच पाहिजे ओ, तिथं नंबर जीवावरच्या दुखण्याचा आधी लागतो. आमचं तिथं कामच नव्हतं खरं तर, पण दुसरीकडं उघडं काय होतं?

म्हणून सरकारचा 'आपला दवाखाना' मला पटलेला. १ मे २०२३ ला राज्यभर सुरू केला तेव्हा वेळ दुपारी २ ते रात्री १० ठेवली होती, आणि खरी गंमत त्या वेळेतच आहे. कुपवाड एमआयडीसीतला कामगार, मार्केट यार्डातला हमाल, यांनी सकाळच्या ओपीडीत केसपेपरच्या लाईनीत उभं राहायचं म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली. संध्याकाळी सुटल्यावर बीपी-शुगर बघून गोळ्या फुकट मिळाल्या तर माणूस दर महिन्याला जाईल, नाहीतर गोळ्या बंद करून बसतोय आणि एक दिवस थेट आयसीयूत.

फक्त वेळ पाळा. दहा म्हणजे दहा, नवालाच दिवे घालवून जायचं नाही. ड्रेसिंगचं, टाक्यांचं सामान ठेवा. (आणि आपण पण जरा, साध्या सर्दीला "सलाईन लावा की डॉक्टर" म्हणायचं बंद करूया.) आणि दारावर मोठ्या अक्षरात बोर्ड लावा: ताप, खोकला, जुलाब, छोटी जखम इथं, छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, साप चावलाय तर इथं थांबू नका, १०८ ला फोन लावा.