तुपाची धार आणि तीन कॉलम

सासरवाडीच्या कामाला पैसे नसतात आणि शेवटही नसतो. नाशिकच्या भांडी बाजारात आमच्या चुलतसासऱ्यांचं दुकान आहे. "जावईबापू, तुम्ही कॉम्प्युटरातले. मालाची यादी तेवढी करून द्या," असं ते म्हणाले तेव्हा काकू माझ्या पुरणपोळीवर तूप सोडत होत्या. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

पहिल्या रात्री एकच टेबल केलं. नाव, किंमत, लिटर, व्यास. कुकर सुखाने बसला. मग तवा आला, त्याला लिटर नाही. झाऱ्याची गिऱ्हाईक लांबी विचारतं. समईला वाती किती? कॉलम साठावर गेले आणि झाऱ्यासमोर रकानेच्या रकाने नल, म्हणजे रिकामे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एका टेबलात १६०० कॉलमपर्यंत जाता येतं. पण काकांचा माळा मी पाहिलेला आहे.

मग अक्कल चालवली. तीनच कॉलम: वस्तू, गुणधर्म, मूल्य. मूल्य म्हणजे साधा मजकूर, काहीही भरा. दोन दिवस मी स्वतःवर खूश होतो. तिसऱ्या दिवशी काकांनी कुकर लिटरप्रमाणे लावायला सांगितले, तर १० लिटरचा ३ लिटरच्या आधी!

"जावईबापू, दहा मोठे की तीन?"

मजकूर लावताना आधी पहिलं अक्षर बघतात, १ हा ३ च्या आधी येतो, वगैरे मी समजावलं. काकांनी काकूंकडे बघितलं. त्यात दुकानातल्या पोऱ्याने एका हंड्याचं वजन 'बऱ्यापैकी' असं भरलेलं. आकड्याच्या कॉलमने त्याला दारातच अडवलं असतं. माझ्या टेबलाने पाट मांडून बसवलं.

पुढे आकडे, मजकूर, तारखा, हो-नाही अशी वेगवेगळी टेबलं केली. मॅजेन्टो या ऑनलाइन दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्येही मूल्यांची अशीच प्रकारवार टेबलं असतात, तेव्हा वेडा मी एकटा नव्हे. पण 'स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा, ३ ते ५ लिटर' एवढं शोधायला तीन जॉइन, म्हणजे टेबलांची तीनदा जुळवाजुळव. शोधायची आज्ञा, म्हणजे क्वेरी, रुखवताच्या यादीएवढी झाली.

शेवटी सगळ्याच मालाला लागणारे कॉलम पक्के ठेवले आणि उरलेलं जेसनबीत, म्हणजे वस्तूचे हवे ते गुणधर्म एकत्र मावणाऱ्या एकाच कॉलमात, कोंबलं. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१४ पासून आहे; मला सुचायला चार टेबलं लागली. माळाच तो, पण इंडेक्सचा, म्हणजे झटपट शोधायच्या सूचीचा, दिवा असलेला. वजन आकडाच हवं, असा चेकही लावला.

काल काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "झकास! आता गिऱ्हाईक जुनं पितळ मोडीत देतं, ते ह्यात कुठे वजा करायचं?"

काकू तुपाचं भांडं घेऊन आल्याच.