‘तेव्हा असं नव्हतंच’ म्हणणाऱ्यांसाठी १९४०च्या दशकातली मुंबई

दुसऱ्या महायुद्धातल्या मुंबईच्या तरुण कलाकारांवर मालिका काढायची म्हटलं, की एक ठरावीक तक्रार फिरू लागते. गोव्याचा ख्रिस्ती, मुसलमान पेंटर, दलित शाहीर, ज्यू निर्वासित, कॅमेरावाली पारशी बाई: घ्या, एकेक नमुना भरला! तेव्हाची कला म्हणजे जे. जे. कलाशाळेतली चार पांढरपेशी मुलं, बाकी सगळं आजचं खूळ.

पात्रयादी अशी ओळीनं वाचली की मलाही हसू येतं. पण मग १९४७ची यादी काढा. ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ हा कलाकारांचा गट उभा करणारे सहा जण: साळगावचे सूझा, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, मध्य प्रांतातून आलेले रझा, विदर्भातले गाडे, बडोद्यात जन्मलेले बाकरे आणि सिकंदराबादजवळचं घर सोडून लहानपणीच पळालेले आरा. ही निवड कुठल्या ओटीटीवाल्यानं केलेली नाही.

बरं, जे. जे.चं काय? सूझा तिथले खरे, पण राजकारणात पडले म्हणून १९४५ साली त्यांना बाहेर काढलं. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत. आरा मोटारी धुवायचे, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन ‘चेतना’ रेस्टॉरंटमध्ये लागलं.

आणि कला म्हणजे फक्त कॅनव्हास, हे ठरवलं कुणी? वाटेगावच्या मातंग कुटुंबातला, वडिलांबरोबर पायी मुंबई गाठलेला आणि गिरणीत राबलेला एक तरुण युद्ध चालू असतानाच स्टालिनग्राडवर पोवाडा लिहितो. अण्णा भाऊ साठे तेव्हा पंचविशीच्याही आतले. १९४४ मध्ये त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं, ते बार्शीच्या अमर शेख आणि गव्हाणकरांना बरोबर घेऊन. व्होल्गाकाठची लढाई परळच्या चाळीत डफावर पोचते! हे पात्र कुणी कल्पनेनं रचलं असतं, तर ‘अति झालं’ म्हणून मीच नाक मुरडलं असतं.

ज्यू निर्वासितावर तर बोट ठेवायलाच नको होतं. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ज्यू पत्नीसह हिटलरच्या तावडीतून निसटले आणि इथे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे आर्ट डायरेक्टर झाले. रविवारी त्यांच्या घरी ही तरुण मंडळी जमायची, चित्रांवर वाद घालायची. व्हिएन्नाचेच श्लेसिंगर या पोरांची चित्रं विकत घेत. खरी गंमत पुढे आहे. १९३९ मध्ये युद्ध पेटताच जर्मन-ऑस्ट्रियन नागरिकांची शत्रू म्हणून धरपकड झाली, त्यांत हिटलरच्याच भीतीनं पळून आलेलेही सापडले. अहमदनगरच्या छावणीत नाझी आणि नाझींपासून पळालेले, दोघेही. मालिकावाल्यांना यापेक्षा आणखी काय हवं?

बायकांच्या बाबतीत मात्र तक्रारीत थोडं तथ्य आहे. त्या सहांत एकही बाई नव्हती. सातवी खुर्ची टाकून तिथे कुणी नायिका बसवली, तर तो खोटेपणा होईल आणि मीही ओरडेन. पण बाई नव्हतीच असं कसं म्हणता? होमाई व्यारावाला जे. जे.त शिकल्या आणि युद्धकाळातली मुंबई त्यांनी कॅमेऱ्यात पकडली. मालिकेत तोच प्रसंग घ्या: साप्ताहिकात छापून आलेला फोटो त्यांचा, खाली नाव नवऱ्याचं.