स्वतःकडे लक्ष देत जा व माय

बाईची पन्नाशी आली की तिच्या तब्येतीवर बोलायचा हक्क गावातल्या सगळ्यांना आपोआप भेटतो, त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागत नाही. एरवी पंचवीस-तीस वर्षं कोणी "जेवली का व?" असंही विचारलेलं नसतं, पण आता किराणा दुकानवालाही साखर मोजता मोजता म्हणतो, "काकू, दोन किलो? शुगर चेक केली का?" आणि सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट एकच, स्वतःकडे लक्ष देत जा. मी तयार आहे हो लक्ष द्यायला, पण लक्ष द्यायचं म्हणजे काय काय करायचं ते सगळ्यांचं ऐकून घेतलं तर ही आणखी एक नोकरीच निघाली, अन् पगाराचं नावच काढू नका.

सुरुवात गर्मीपासून झाली. आता आमचं गाव दर्यापूरकडचं, मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, कुलरपुढे बसून पण घाम निथळतो, त्यामुळे बाईला पाळी जायचा तो बदल सुरू झाला हे उन्हाळ्यात कळायला मार्गच नाही. मला पूर्ण उन्हाळा वाटलं यंदा ऊनच जास्त आहे. कळलं ते डिसेंबरात, हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, घर सगळं दुलईत अन् मी मध्यरात्री पंखा पाचवर करून त्याच्याखाली पदर हलवत बसलेली. ह्यांनी दुलईतून फक्त नाक बाहेर काढलं. "काय करू रायली व? मारतं का मले हिवानं?" मी म्हटलं अंगातून जाळ निघून रायला. तर म्हणे, "मंग ओट्यावर जाऊन बस ना, पंखा कायले पाह्यजे." पलीकडच्या खोलीतून सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, एरवी दारावर कोणी ओरडलं तरी ऐकू येत नाही, त्यांना हे बरोबर ऐकू आलं. "आमच्या वक्ताले असं काही नव्हतं व माय."

सासूबाईंच्या वक्ताले काहीच नव्हतं. गुडघे नव्हते, बीपी नव्हता, पाळी कधी गेली तेही म्हणे कापूस वेचता वेचता कळलं नाही.

मग मुलीनं जबरदस्ती अमरावतीला डॉक्टरीणबाईकडे नेलं. बाई चांगली होती, समजावून सांगितलं तिनं. सलग १२ महिने पाळी आली नाही की गेली समजायची, आपल्याकडे साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, कोणाची आधी कोणाची नंतर, अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं म्हणून ते जाळ निघणं, झोप उडणं अन् हाडं ठिसूळ होणं. आणि एक गोष्ट तिनं पेन टेबलावर आपटून सांगितली, वर्षभर बंद राहून नंतर थेंबभर जरी लाल दिसलं तर त्याच आठवड्यात यायचं. हे मी मुद्दाम लिहून राहिली कारण आमच्याकडे बाया 'परत सुरू झाली वाटते' म्हणून पाच-सहा महिने गप बसतात, नाहीतर एखादी मावशी दुसऱ्या टोकाला जाऊन सांगते, पिशवीच काढून टाक, कटकट जाते! जशी काही ती पिशवी म्हणजे बाजाराची पिशवी आहे, नको तर ठेवून द्या खुंटीला.

रक्ताच्या रिपोर्टात व्हिटॅमिन डी कमी निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या उन्हात बसत जा. मला हसूच आवरेना. अहो बाई, मी वेचणीच्या दिवसात सकाळपासून दिवस बुडेपर्यंत उन्हातच असते! त्या म्हणाल्या, कपडे काय असतात? साडी, वरून ह्यांचा जुना फुलबाह्याचा शर्ट, डोक्याला अन् तोंडाला दुपट्टा, फक्त डोळे उघडे. ऊन आहे भरपूर पण कातडीपर्यंत पोचतच नाही तर डी बनणार कुठून. तर आठवड्यातून एक अशी ६०,००० युनिटची गोळी दिली. ह्यांनी पाकीट वाचलं अन् एकदम उठून बसले. "साठ हजार? येवढ्याचा तं आपला कापूस नाही गेला!"

डॉक्टरीणबाईंचं पुढचं, मीठ कमी करा, दिवसाला ५ ग्रॅमच्या वर नको, म्हणजे सगळ्या जेवणाचं मिळून चहाचा एक चमचा. आता मीठ कमी करायचं कोणाला सांगता, आमचा खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या मधली ही पूर्णेच्या काठची पट्टी, विहिरीचं पाणी असं खारं की साबणाला फेस नाही अन् डाळ तर शिजतच नाही. नळाचं गोडं पाणी येतं तेव्हा येतं, नाही आलं की जे आहे ते. मी तर म्हणते आमच्या बायांच्या नावावर जन्मतःच अर्धा चमचा जमा धरा.

पण खरी परीक्षा घेतली आशाताईनं, म्हणजे घरोघरी फिरून तब्येतीची नोंद करणाऱ्या सरकारी आशा कार्यकर्तीनं. ३० च्या वरच्या सगळ्यांचा फॉर्म भरावा लागतो, त्यात बीपी, शुगर अन् तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, यांची तपासणी कोणाची आधी करायची ते त्यावरून ठरतं. आशाताई आमच्या गावचीच सून, ओट्यावर बसून टेप काढला अन् माझ्या कंबरेभोवती फिरवायला लागली, समोरून दूधवाला चाललेला, मी म्हटलं अंदर तं चाल. त्या फॉर्ममध्ये गुण असतात. वय पन्नाशीत असलं की बसल्या जागी ३ गुण, शाळेत मला कधी कोणी असे फुकट दिले नव्हते. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की १, नव्वदीच्या वर की २. मी पोट आत ओढून धरलं तर आशाताई म्हणे, "काकू, श्वास सोडा, नाही तं मी इथंच बसते." १ गुण. माझ्या आईला शुगर होती, त्याचे २. ४ च्या वर गेलं की धोका. आयुष्यात पहिल्यांदा जास्त गुण पडले म्हणून नापास झाली मी.

त्यातला एक प्रश्न तर सोन्याच्या फ्रेममध्ये लावावा असा आहे. आठवड्यातून किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का? तेव्हा शेजारची आमची मजूर बाई पण फॉर्म भरायला बसलेली, पाठीमागं कापसाचं ओझं बांधून दिवसभर वाकून आलेली, तिनं आशाताईला विचारलं, "कोनत्या मिनिटापासून मोजू व?" आशाताईनं काही न बोलता 'हो' वर टिक केलं.

गुडघ्यांचं म्हणाल तर मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, खुर्चीवर बसा. बचत गटाच्या बैठकीत सगळ्या बाया सतरंजीवर अन् मी एकटी समाजमंदिरातल्या एकुलत्या एक प्लास्टिकच्या खुर्चीवर, तिचाही एक पाय हलता. लगेच सुरू, "या सरपंचबाई", "मॅडम, आमचं कर्ज मंजूर करा". शेवटी मी खाली बसली, मग उठताना दोघींनी हात धरून उठवलं अन् वरून म्हणे, खुर्चीवर बसत जा ना!

खाण्यापिण्याचं तर विचारूच नका. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगतो, आई नाचणी खा. त्याला आता नाचणी सापडली, कारण मोबाईलवर सगळे नाचणीच खातात. नाचणीत कॅल्शियम चांगलं असतं हे खरं, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास, पण आमच्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या ज्वारीची भाकर, नाचणी आणायची तर दर्यापूरच्या दुकानातून पाकिटात. मी म्हटलं बाबा, तिळात त्याच्या तिप्पट आहे, तीळ आपल्या घरी आहे, जवसाची चटणी वाटीभर रोज होते, काय विकत आणायचं?

जाऊबाईंचं मत वेगळं. त्या सध्या शेक विकतात. डबा आहे मोठा, त्यावर एका बारीक गोऱ्या बाईचा फोटो, दोन चमचे पाण्यात घ्यायचे, जेवण नाही केलं तरी चालतं, वजन जातं, गुडघे जातात म्हणजे दुखणं जातं, अन् आणखी तिघींना डबा घ्यायला लावला तर तुम्हालाही कमिशन. किंमत ऐकून मी डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचलं, चष्मा लावून. सोया प्रोटीन! अहो, आमच्या वावरात काय पिकतं? सोयाबीनच ना! २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, आमच्या हातात चार हजारच पडले, अन् तेच सोयाबीन डब्यात घालून जाऊबाई मला ग्रॅमवर विकून रायल्या. त्या एका डब्याच्या पैशात घरभराला महिनाभर तुरीचं घट्ट वरण होतं, फक्त ते घट्ट वरण घरातल्या बाईच्या ताटात पोचलं पाहिजे, आमच्याकडे ते वरून खाली येता येता पातळ होत जातं अन् शेवटी जेवणारीला पिवळं पाणी.

म्हणून मुलीनं ह्या वेळी लाडू केले. पाळी गेल्यावर रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं म्हणे, तर तीळ भाजून, जवस, शेंगदाणे, खोबरं, गूळ, असे लाडू वळून स्टीलच्या डब्यात भरले अन् वर चिकटपट्टी लावून पेननं लिहिलं, 'आई - हाडांसाठी'. गेली ती अमरावतीला. मी सकाळी कामाच्या गडबडीत, म्हटलं दुपारी निवांत खाऊ. दुपारी ह्यांचे दोस्त आले सोयाबीनचा भाव किती पडला यावर बोलायला, तीन जण, चहा झाला, ह्यांनी डबा पुढे केला. "घ्या ना बापा, पोरीनं केले." एकानं चिकटपट्टी मोठ्यानं वाचली पण, सगळे हसले, अन् वाचून झाल्यावर दोन उचलले. संध्याकाळी सासूबाईंनी दाताखाली न घेता चघळून एक संपवला, नातवानं खिशात नेले. मी रात्री डबा उघडला तर तळाशी तीळ अन् एक तुटका तुकडा. माझ्या हाडांचं कॅल्शियम गावातल्या इतक्या हाडांत गेलं की पुढच्या पोळ्याला सगळे बैलाच्या पुढे धावतील.

आता ह्या महिन्यात आशाताईनं ह्यांचा पण फॉर्म भरला. साठी पार, ४ गुण तिथंच. तंबाखू-सुपारीचा खर्रा रोजचा, २. खर्रा कितीदा विचारलं तर म्हणे "एखादवेळी," तेवढ्यात सासूबाई अंदरून ओरडल्या, "खोटं बोलते तो!" कंबरेला टेप एका दमात पुरला पण आशाताईच्या भुवया वर गेल्या. बीपी १५०/९६ निघाला. दोन-तीनदा पुन्हा मोजला तरी तेच, डॉक्टरनं गोळी सुरू केली.

झालं! घरात खळबळ. मुलाचा फोन, मुलीचा फोन, जाऊबाई डबा घेऊन हजर, गल्लीतली माणसं बघायला येऊन गेली. प्रत्येकजण जाताना मला सांगून जातो, वहिनी, आता त्यांच्याकडे लक्ष द्या. ह्यांची भाजी वेगळी कमी मिठाची, तर्री बंद, लोणचं कपाटात, गोळी सकाळी हातावर मीच ठेवायची, खर्ऱ्याची पन्नी खिशातून मीच काढायची. संध्याकाळी फिरायला सोबत मीच जाते, ते पुढे अन् मी मागे, गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत, त्यात माझ्या १५० मिनिटांचं पण होऊन जातं म्हणा.

मुलगी परवा पुन्हा लाडू करून गेली. डबा कुठं ठेवला आहे ते मी इथं लिहीत नाही, आमच्या घरी पण सगळ्यांकडे मोबाईल आहेत.